चार आकडे

मी गाडीतला रेडिओ बोलतोय. गेला आठवडाभर माझी दातखीळ बसली होती, आणि खरं सांगू? मला बरं वाटत होतं. एकवीस वर्षं बडबड केली की घसा नसलेल्याचाही घसा बसतो.

कारखान्यातच माझ्या पोटात चार आकडे घातले होते. वीज तुटली की मी मुकं व्हायचं आणि ते आकडे दाबल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. चोराच्या हाती नुसता डबा लागावा, एवढाच हेतू. आकडे छापलेलं एक कार्ड सोबत होतं.

मला विकत घेतलं गणिताच्या मास्तरांनी. त्यांनी कार्ड एकदा वाचलं आणि टराटरा फाडलं. "आकडे कागदावर नाही, डोक्यात ठेवायचे असतात!" मास्तरीणबाई शेजारीच होत्या. त्यांनी गुपचूप तुकडे उचलले. मला गाडीत बसवण्याआधी त्यांनी माझ्या पाठीवर काहीतरी चिकटवलेलं आठवतं. पण स्वतःची पाठ कुणाला दिसते?

मास्तरांना तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ, पण रस्ते म्हणाल तर आनंदच. मुलीच्या घरी जाताना दर वेळी चुकायचे. शेवटी मास्तरीणबाईंनी सगळा रस्ता कॅसेटमध्ये बोलून ठेवला. त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली. रस्ता मास्तरांच्या अंगवळणी पडलाय, तरी ती कॅसेट लावल्याशिवाय गाडी हलत नाही. तेच तेच वाजवून मी अगदी विटलो होतो, कबूल करतो.

गेल्या आठवड्यात बॅटरीनं मान टाकली. मेकॅनिकनं नवी बसवली आणि माझ्या कपाळावर 'कोड' उमटलं. कॅसेट माझ्या पोटात, आणि कुलूप असताना मी ती बाहेरही सोडत नाही.

मास्तरांनी लग्नाचं साल दाबलं. चूक. दोन दिवस विचार करून मुलीच्या जन्माचं साल दाबलं. तेही चूक. तिसरी चूक झाली की मी कायमचा बंद. आकडे मला ठाऊक होते, पण न सांगणं हीच माझी नोकरी. तिचा इतका वीट कधी आला नव्हता.

"काका, नवा घेऊन टाका," मेकॅनिक म्हणाला. "हा फोडून कॅसेट काढतो. पण फीत जुनी आहे, तुटली तर मला बोलू नका."

"जन्मभर पोरांना पाठांतरावरून बोललो," मास्तर पुटपुटले, "आणि मलाच चार आकडे..." शेवटी त्यांनी होकारार्थी मान हलवली.

मेकॅनिकनं मला तारांसकट बाहेर ओढलं, उलटं केलं आणि हसतच सुटला. "काका, अहो कुलपालाच किल्ली बांधलीय! चोराची केवढी सोय!"

पाठीवर पिवळ्या पडलेल्या चिकटपट्टीखाली कार्डाचे तुकडे नीट जुळवलेले होते. खाली शाईनं लिहिलं होतं: 'तुम्ही विसरणार.'

मास्तर हसले नाहीत. त्यांनी एकेक आकडा दाबला. कॅसेट थांबली होती तिथूनच सुरू झाली.

"हं, आता डावीकडे. अहो, डावीकडे म्हटलं मी! आणि जरा हळू. आपल्याला कसली घाई आहे?"

गाडी गॅरेजमध्येच उभी होती. तरी मास्तरांनी डावीकडचा दिवा लावला.

मी थकलोय. पण आता हीच कॅसेट हवी तितक्या वेळा लावा, कुरकुरणार नाही. मागणं एकच आहे. मास्तरांच्या आधी मला मुकं होऊ देऊ नका.