लेलँडची ताटली

डेलमार ओस्टबीनं रविवारी ऑशकॉशच्या विमानमेळ्याच्या मैदानात विमान उभं केलं, दोऱ्यांनी खुंट्यांना बांधलं, पंखाखाली तंबू ठोकला आणि तासाभरात शेजाऱ्याशी वाकडं घेतलं. एकाहत्तराव्या वर्षीसुद्धा हे शेवटचं काम त्याला झटपट जमायचं.

शेजारी म्हणजे लुइझियानाचा लेलँड थिबोडो. जाडजूड, गप्पिष्ट, एकदा खुर्चीत बसला की न उठणारा. तंबूच्याही आधी त्यानं एक पांढरी चौकोनी ताटली बाहेर काढली आणि आपल्या नव्याकोऱ्या विमानाच्या पंखावर ठेवली.

"काय रे, ताटली धुऊन वाळत घातलीस का?" डेलमारनं विचारलं.

"इंटरनेट आहे हे. थेट उपग्रहावरून. एवढा मोठा मेळा, एकाचा फोन धड चालत नाही इथे. तुला लागलं तर सांग."

"मला कशाला लागतंय? इथं माणसं वर आकाश बघायला येतात. फोनच बघायचा होता तर घरी पलंगावर पडून बघायचा."

लेलँड नुसता हसला. डेलमारला वाटलं, बरी जिरवली.

खरं तर यंदा डेलमार येणारच नव्हता. त्याची नात ब्रिन सतरा वर्षांची. याच आठवड्यात ती पहिल्यांदा एकटी विमान उडवणार होती, तिकडे मोंटानात, गावच्या धावपट्टीवर. शिकवणारी तिची आईच, म्हणजे डेलमारची लेक जोलीन. एकोणतीस वर्षांपूर्वी जोलीन पहिल्यांदा एकटी उडाली तेव्हा हे महाशय कुठे होते, तर इथेच, कुठल्याशा जुन्या इंजिनाभोवती घुटमळत. दोन दिवसांत येतो म्हणाले आणि पाच दिवसांनी उगवले. पहिल्या उड्डाणानंतर शिकवणारा शिष्याच्या सदऱ्याचा पाठीमागचा तुकडा कापून त्यावर तारीख घालतो, ही आपल्या वैमानिकांची रीत. जोलीनचा तुकडा घरी विमान ठेवायच्या हँगरमध्ये अजून टांगलेला आहे. तिनं बापाला त्यावरून कधी एक शब्द ऐकवला नाही, आणि तेच डेलमारच्या जास्त जिव्हारी लागायचं.

म्हणून यंदा तो घरीच बसायचं म्हणत होता, तर ब्रिननंच त्याला पिटाळलं. "तू धावपट्टीवर उभा राहिलास तर मलाच घाम फुटेल, आजोबा. तू जा. आई फोनवर दाखवेल, तिथून बघ. पण बघ हं." त्यानं शब्द दिला होता.

बुधवारी पहाटे अंघोळीच्या रांगेत, जग झोपलेलं असल्यामुळे फोनला जरा धुगधुगी होती, तेवढ्यात ब्रिनचा निरोप आला. 'ठरलं. आज २०:००. आई फोन लावेल.' डेलमार खूश झाला. रात्रीचे आठ म्हणजे विमानांच्या कसरती संपलेल्या, गर्दी पांगलेली, फोन नक्की लागणार. तिकडे मोंटानात तेव्हा भरपूर उजेड असतो. दिवसभर तो शीळ घालत हिंडला, तीन ठिकाणी इंजिनांत नाक खुपसून आला, आणि पावणेतीनला भाजलेला सॉसेज घेऊन पंखाखाली टेकला. वर कसरतींना नुकतीच सुरुवात झाली होती.

पलीकडच्या तंबूतला एक नवखा पायलट चौकशी करत आला. "काका, फलकावर लिहिलंय की धावपट्टी साडेएकोणीसला बंद. मग मी पाच वाजता निघू शकतो ना?"

"अरे शहाण्या, ते ग्रीनिचचं घड्याळ," डेलमारनं त्याला झापलं. "वैमानिकांचं जगभर तेच घड्याळ. त्यातून पाच तास वजा कर. धावपट्टी अडीचलाच बंद झाली. वर गोंगाट कसला चाललाय असं वाटतंय तुला? शिकवलं कुणी तुला? मी माझ्या नातीला पहिल्या दिवशी सांगितलं, निरोप लिहायचा तर याच घड्याळात..."

तो मध्येच थांबला. सॉसेज हातातच राहिला.

वीस वजा पाच. पंधरा. म्हणजे दुपारचे तीन, आणि आत्ता वाजले होते दोन पन्नास.

त्यानं फोन काढला. सिग्नलच्या नावानं शंख. बर्फाच्या पेटीवर चढला, काही नाही. तंगड्या तोडत अंघोळीच्या शेडपर्यंत गेला, तर पहाटे जिथं धुगधुगी होती तिथं आता दीडदोनशे माणसं फोन वर धरून उभी होती, आणि सगळ्यांची तोंडं उतरलेली. बसच्या थांब्यावर फुकटचं वायफाय होतं, ते नुसतं गोल गोल फिरत राहिलं. धापा टाकत तो परत आला तेव्हा तीनला दोन मिनिटं होती आणि त्याच्या डोळ्यांसमोर हँगरमधला तो जुना तुकडा लोंबत होता. पुन्हा तेच. एकदा नाही, दोनदा. लेकीच्या वेळी आणि आता तिच्या लेकीच्याही.

त्यानं जवळपासची वायफायची नावं उघडली. यादीत एकच नाव ठळक होतं. 'वर आकाश बघा, फोन नको.'

डेलमारनं मान वळवली. लेलँड खुर्चीत बसून शांतपणे चीज खात होता.

"लेलँड," डेलमार म्हणाला. मग त्यानं लाज गुंडाळून ठेवली. "मी रविवारी मूर्खासारखं बोललो. माझी नात दोन मिनिटांत पहिल्यांदा एकटी उडतेय. मला बघायचंय. पाया पडतो, पासवर्ड दे."

"तीन दिवस वाट बघतोय मी, कधी येतोस म्हणून. तुझ्याच विमानाचा नंबर आहे."

"माझ्या? का?"

"पासवर्ड माझ्या ध्यानात राहत नाही. खुर्चीतून चष्म्याशिवाय वाचता येईल असं इथं तुझ्याच विमानाचं शेपूट आहे, एवढाल्या अक्षरांत. टाक आता, तोंड काय बघतोस?"

डेलमारची बोटं दोनदा चुकली. तिसऱ्यांदा लागलं, आणि लागल्या लागल्या फोन वाजला. पडद्यावर जोलीन. ओठ हलत होते, पण डोक्यावरून चार लढाऊ विमानं गेली आणि एक अक्षर ऐकू येईना. उन्हात पडदाही दिसेना. लेलँड चक्क खुर्चीतून उठला आणि त्यानं आपली झोपायची पिशवी दोघांच्या डोक्यावरून घेतली.

"ती विचारतेय काहीतरी," डेलमार ओरडला. "दिसतंय का म्हणून विचारतेय. तिला वाटतंय मी नाहीये."

लेलँडनं डेलमारच्या विमानातला पुठ्ठा ओढला. मैदानात उतरल्यावर कुठं उभं राहायचंय ते सांगायला आपण काचेत धरतो, तोच. मागच्या कोऱ्या बाजूवर डेलमारनं लिहिलं, 'बघतोय', आणि कॅमेऱ्यासमोर धरला. जोलीननं वाचलं. क्षणभर तिनं फोन खाली केला, नुसतं गवत दिसलं. मग तिनं हातातला रेडिओ तोंडाशी नेला, विमानातल्या ब्रिनला काहीतरी सांगितलं आणि फोन धावपट्टीकडे वळवला.

छोटंसं पिवळं विमान धावत सुटलं आणि उचललं गेलं. वळण घेताना त्यानं पंख हलवले, डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा. रेडिओवर बोलायचं नसलं की 'ऐकलं' असं म्हणायची आपली तीच पद्धत.

"ऐकलं म्हणतेय पोरगी," लेलँड म्हणाला.

नवखा पायलट पिशवीत घुसला. मग समोरच्या तंबूतलं जोडपं आलं. वर साऱ्या जगातून माणसं बघायला येतात त्या कसरती चालल्या होत्या, आणि पाच वैमानिक एका पिशवीत डोकी घालून गावच्या धावपट्टीवरल्या विमानाचं उतरणं बघत होते. ब्रिनला तीनदा उतरायचं होतं. पहिल्यांदा ती जरा आपटली. "माझ्यापेक्षा बरी," लेलँड म्हणाला. दुसरं उतरणं सरळ. तिसऱ्यांदा चाकं टेकली ती लोण्यावर टेकावीत तशी, आणि पिशवीत जो आरडाओरडा झाला त्यानं डेलमारच्या कानठळ्या बसल्या. त्याला रडू येत होतं आणि त्यानं ते लपवलं नाही.

वरचा आवाज ओसरला. पडद्यावर ब्रिन घामाघूम, दात काढत उभी, आणि अंगात डेलमारचाच चौकड्यांचा सदरा, जो तो दोन महिने शोधत होता. जोलीननं मागून कात्री चालवली.

"आजोबा, बघितलंस ना?"

"पहिलं जरा आपटलंस."

"बघितलंस म्हणजे."

जोलीननं फोन आपल्याकडे वळवला. कापलेला तुकडा तिनं वर धरला.

"बाबा," ती म्हणाली, "हा तुकडा माझ्या तुकड्याशेजारी लावते. तुम्ही आलात की दोन्हीवर सही करा."