लँडमास्टरचं दुसरं इंजिन

आष्टीच्या जिल्हा परिषद शाळेत गणित शिकवणारा धर्मराज गाडीला भितो, हे गावाला ठाऊक होतं. एसटीतसुद्धा तो ड्रायव्हरमागच्या बाकावर कधी बसायचा नाही. एकोणीस वर्षांचा असताना वडिलांनी त्याला गाडी शिकवायला घेतली होती. चौथ्याच दिवशी परतूरच्या रस्त्यावर एक गोऱ्हा आडवा आला. गोऱ्हा मेला नाही, पण मोडलेला पाय ओढत बांधावरून उतरताना धर्मराजनं त्याला पाहिलं. त्या दिवशी त्यानं स्टेअरिंग सोडलं ते वीस वर्षं पुन्हा हाती धरलं नाही.

त्याचे वडील पुंजाराम मात्र जन्मभर गाडीतच जगले. जालन्याच्या एका जिनिंग मालकाकडे सव्वीस वर्षं ड्रायव्हर होते. मालक कारभार आवरून गुजरातेत गेला, तेव्हा जाता जाता त्यानं आपली जुनी लँडमास्टर पुंजारामांना पडत्या भावात दिली. छप्पन सालची गाडी, काळी कुळकुळीत, गोल पाठीची. ज्या वस्तीत तोवर मोजून दोन सायकली होत्या, तिथं मोटार येऊन उभी राहिली. पुंजारामांनी ती लेकरासारखी सांभाळली. मग त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात इंजिनच्या ब्लॉकला तडा गेला. तसला ब्लॉक ना जालन्यात मिळाला, ना औरंगाबादेत. गाडी पत्र्याच्या शेडात गेली आणि तिच्या मागच्या शिटावर कोंबड्या अंडी घालू लागल्या.

अठ्ठ्याऐंशी साली पुंजारामांचं डावं अंग लुळं पडलं. बोलणं शाबूत राहिलं, पण बोलायची इच्छाच गेली. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. एक दिवस सून उषाबाई पेज भरवत होती, तेव्हा ते एकाएकी म्हणाले, "तिच्यात डिझल इंजिन बसंल."

"कुणात, मामंजी?"

"गाडीत. टेम्पोचं बसतंय. म्या बघितलंय."

उषाबाईनं हे नवऱ्याला सांगितलं आणि वर म्हणाली, "अहो, चार महिन्यांत पहिल्यांदा काही मागितलं त्यांनी. आता न्हाई म्हणू नका."

धर्मराजला नाही म्हणायचं होतं. पण तो नाही म्हणाला नाही.

गावात बसस्टँडजवळ सर्जेरावचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे एक टपरी आणि एक कडुनिंब. सर्जेरावनं बॉनेट उघडून आत डोकावलं, टेपनं मापं घेतली आणि मान हलवली. "बसंल गुरुजी. पण सोपं न्हाई. खर्चा इंजिनाचा कमी, त्याच्या भवतालचाच जादा."

आणि झालंही तसंच. अंबडच्या एका भंगारवाल्याकडून अपघातात गेलेल्या टेम्पोचं इंजिन स्वस्तात मिळालं. पण ते जुन्या गिअरबॉक्सला जुळेना. मधे बसवायची जाड पट्टी जालन्याच्या लेथवर कातून आणावी लागली, तीही दोनदा, कारण पहिल्या खेपेला भोकं दोन सूत चुकली. इंजिन ज्यावर बसतं ती फौंडेशन कापून नवीन वेल्ड करावी लागली. रेडिएटर चार बोटं पुढं सरकवावा लागला. डिझेलला मोठी बॅटरी हवी, ती ठेवायला जागा नाही, म्हणून ती डिकीत गेली आणि मनगटाएवढी वायर गाडीखालून पुढं आली. जुनं इंजिन काढायला दीड दिवस लागला होता, नवीन बसवायला सात आठवडे लागले. धर्मराजनं भविष्य निर्वाह निधीतून उचल घेतली आणि उषाबाईला तेवढंच सांगितलं, किती ते सांगितलं नाही.

शाळा सुटली की तो गॅरेजवर जाऊन बसायचा. चेनकप्पीला लटकलेलं ते धूड कडुनिंबाच्या फांदीखाली हळूहळू फिरायचं, फांदी करकरायची. सर्जेराव त्याच्याखाली बिनधास्त झोपून पाना मारायचा. ते बघून धर्मराज आणखी मागं सरकून बसायचा. त्याला ते इंजिन आवडलं नाही. मेलेल्या टेम्पोतलं, कुणाच्या तरी अपघातातलं. पण गणिताच्या मास्तरानं असलं बोलून कसं दाखवायचं?

बाजारचा दिवस होता. सकाळी नऊला सर्जेरावनं निरोप धाडला, आज चालू करू. पुंजाराम हट्टाला पेटले, मी आत बसूनच आवाज ऐकणार. शेजारच्या मच्छिंद्रनं आणि धर्मराजनं त्यांना बैलगाडीतून आणलं आणि उचलून मागच्या शिटावर ठेवलं. म्हातारा जड. त्यांचं लुळं अंग डाव्या दाराला टेकलं आणि दार लावून घेतलं. गाडीचं तोंड एका तेलघाण्याच्या भिंतीकडे होतं, जेमतेम सहा हातांवर. मागच्या चाकांना विटा लावल्या होत्या.

"गुरुजी, तुमी म्होरं बसा," सर्जेराव म्हणाला. "मी बॉनेटपाशी थांबतो. म्या म्हणलं की चावी फिरवायची. बंद करायचं तर ही तार वढायची, डिझल तुटतंय अन् इंजिन थांबतंय. बस्स."

"मी? दुसरं कोणी..."

"काय बी करायचं न्हाई, निस्ती चावी."

धर्मराज बसला. वीस वर्षांनी तो त्या शिटावर बसत होता. बाजाराला आलेली माणसं भोवती जमली होती. मागून वडील, त्याचे आबा, म्हणाले, "फिरव, धर्मा."

त्यानं चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, काळा धूर ओकलं आणि सुरू झालं. माणसांनी टाळ्या वाजवल्या. सर्जेरावनं दात दाखवले. धर्मराजनं आरशात पाहिलं, तर आबांचे डोळे भरून आले होते.

आवाज हळूच चढायला लागला. धर्मराजला वाटलं, आपला पाय पडला असेल. त्यानं खाली बघितलं, तर पाय एक्सलेटरवर नव्हताच. आवाज आणखी चढला. सर्जेरावच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"तार वढा!"

धर्मराजनं तार ओढली. इंजिन थांबलं नाही. त्यानं चावी काढून हातात घेतली. तरी थांबलं नाही. उलट आवाजाची किंकाळी झाली, गाडी अंगात आल्यागत थरथरू लागली, आणि मागून पांढऱ्या धुराचा असा लोट निघाला की बसस्टँड दिसेनासा झाला.

झालं असं होतं की त्या भंगारातल्या इंजिनाच्या पिस्टनच्या रिंगा झिजून गेल्या होत्या. खालचं तेल वर चढत होतं आणि इंजिन तेच तेल पिऊन पळत होतं. त्याला ना डिझेलची गरज उरली होती, ना चावीची. असलं इंजिन तेल संपेपर्यंत पळतं, नाहीतर फुटतं. हे सगळं धर्मराजला नंतर कळलं. त्या घडीला त्याला एवढंच कळलं की आपण बंद केलेली वस्तू बंद होत नाहीये.

हवा कोंडून इंजिन बंद पाडायला सर्जेराव पोतं घेऊन हवेच्या नळीवर धावला. नळीनं पोत्याचं टोक आत खेचलं, ते फाटलं, आणि त्याचा हात फिरत्या पंख्याला लागला. तो ओरडून मागं पडला. दोन बोटांतून रक्ताची धार लागली. "फुटंल! सरका, फुटंल!"

माणसं पळाली. कोणाची भाजीची पाटी उलटली, टोमॅटो रस्ताभर झाले. धर्मराजही पळाला. दार उघडून तो केव्हा बाहेर पडला, त्याचं त्यालाच कळलं नाही. पंधरा-वीस पावलं गेल्यावर कडुनिंबाच्या बुंध्याआड तो थांबला आणि मागं वळून पाहिलं.

धुरात गाडीची मागची काच दिसत होती, आणि काचेला आतून लावलेला एक तळहात. उजवा.

त्याला परत जायचं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला वाटलं, कोणीतरी दुसरं जावं. त्यानं मच्छिंद्रकडे पाहिलं. मच्छिंद्र खाली बघत होता. मग तो निघाला. पळत नव्हे, चालत गेला, कारण पाय पळायला तयार नव्हते.

त्यानं मागचं उजवं दार ओढलं, ते अडकलं होतं. डाव्या दाराला आबांचं अंग टेकलेलं. ते उघडलं असतं तर आबा खाली कोसळले असते आणि एकट्याला उचलता आले नसते. पलीकडे जमिनीवर बसलेला सर्जेराव हात गच्च धरून ओरडत होता. किंकाळीत अर्धेच शब्द येत होते.

"टॉप गेर! ब्रेक दाबा... गच्च... क्लच सोडा! घुसमटून मरंल इंजिन!"

"अन् ब्रेक नाही लागला तर?"

सर्जेरावनं समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

धर्मराज आत बसला. धुरानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं. क्लच दाबला. गिअरचा दांडा स्टेअरिंगलाच होता, पण टॉप कुठं, ते आठवेना. वर की खाली? मागून आबांनी उजव्या हातानं त्याची कॉलर धरली होती आणि घोगऱ्या आवाजात एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्याला वाटलं, 'पळ' म्हणतायत. मग ऐकू आलं, "खाली. खाली. खाली."

त्यानं दांडा खाली ओढला. करकर झाली, दात बसले. उजवा पाय ब्रेकवर ठेवला, दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून सगळं वजन त्या पायावर टाकलं, डोळे मिटले आणि क्लच सोडला.

गाडीनं उडी घेतली. विटा मागंच राहिल्या. काहीतरी खाडकन मोडलं. जळक्या रबराचा वास आला. आणि एकदम सगळं गप्प झालं.

धर्मराजनं डोळे उघडले, तर तेलघाण्याची भिंत बॉनेटपासून वीतभर लांब होती.

आबांच्या हातात त्याच्या सदऱ्याची अर्धी कॉलर फाटून आली होती. शीट ओलं झालं होतं. "मला लय भ्या वाटलं रे," आबा म्हणाले. बापाच्या तोंडून हे वाक्य त्यानं उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं.

त्या संध्याकाळी, आबांना आंघोळ घालून, धोतर बदलून खाटेवर निजवल्यावर धर्मराज पायथ्याशी बसून राहिला. शेवटी म्हणाला, "आबा, मी पळालतो."

"बघितलं म्या."

"तुम्ही आत व्हता, तरी पळालो."

पुंजाराम आढ्याकडे बघत होते. "मला पाय असते तर म्या बी पळालो असतो," ते म्हणाले. "तुझ्या म्होरं." मग त्यांनी पेज मागितली.

सर्जेरावची दोन्ही बोटं वाचली, टाके पडले, पण एक कायमचं वाकडं झालं. तो घरी येऊन मान खाली घालून उभा राहिला. "गुरुजी, माझी चूक. म्या इंजिन खोलून बघाया पायजे व्हतं. मजुरी नगं, पण रिंगा, पिस्टन नवीन घालून देतो."

उषाबाई आतूनच म्हणाली, "भंगारात घाला ती गाडी." तिचं चूक नव्हतं. धर्मराज रात्री दचकून उठायचा, त्याच्या कानातली किंकाळी जात नव्हती. शाळेच्या बाहेरून ट्रक गेला तरी खडू हातातून सुटायचा. पण त्यानं सर्जेरावला सांगितलं, "खोला."

"आता का?" उषाबाईनं विचारलं.

"तशीच सोडली तर मी जन्मभर पळत राहीन," तो म्हणाला. ते उषाबाईला पटलं की नाही कोण जाणे. तिनं त्या सदऱ्याला नवीन कॉलर शिवली, एवढं खरं.

आणखी सव्वा महिना गेला. दुसऱ्या खेपेला कोणाला बोलावलं नाही. आबा घरीच होते. सर्जेराव हवेच्या नळीपाशी लाकडी फळी धरून उभा, धर्मराज शिटावर. चावी फिरवताना त्यानं दुसऱ्या हातानं मनगट गच्च धरलं. इंजिन लागलं. टकटक, टकटक, जडशीळ, एका चालीत. त्यानं लगेच तार ओढली आणि ते थांबलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा थांबवलं. अकरा वेळा.

"गुरुजी, बॅटरी उतरंल," सर्जेराव हसत म्हणाला. त्याच्याही कपाळावर घाम होता.

महिन्याभरानं, एका सकाळी, पुंजारामांना पुढच्या शिटावर बसवून, पाठीला उशी लावून, धर्मराज परतूरच्या रस्त्याला लागला. ताशी वीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. जड इंजिनानं गाडीचं नाक खाली गेलं होतं, स्टेअरिंग दगडासारखं फिरत होतं. मागून एसटी भोंगा वाजवत पुढं गेली. भीती तसूभरही कमी झाली नव्हती. ती त्याच्याशेजारी बसून होती, तिला घेऊनच तो गाडी चालवत होता.

आबा खिडकीबाहेर कापसाची रानं बघत होते. बाहेर बघतच म्हणाले, "ब्रेक आधी दाबतूस. उलिसं थांबून दाब."

"आधीच दाबणार, आबा," धर्मराज म्हणाला.

पुढच्या वळणावर धर्मराजनं ब्रेक आधीच दाबला.