सहा आठवडे आधी छापलेली बातमी

आमच्या गावच्या साप्ताहिकात ‘ऐंशी वर्षांपूर्वी याच आठवड्यात’ हे सदर मी सव्वीस वर्षं चालवते आहे. जुन्या अंकांच्या फायली काढायच्या आणि त्या आठवड्यातली एक बातमी जशीच्या तशी उतरवायची. नियम एकच, आठवडा चुकवायचा नाही. इतिहासाचे निवृत्त मास्तर रोलंड ग्रिमस्टाड माझी चूक पकडायला टपलेले असतात. सव्वीस वर्षांत मी त्यांना एकदाही संधी दिली नव्हती आणि त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू?

या जुलैत नॉर्मंडीच्या लढाईला ऐंशी वर्षं होत होती, म्हणून मी १९४४च्या फायलीतून महायुद्धाचीच बातमी उचलली. ‘गावच्या लोकेन यांचा सैनिक मुलगा मर्लिन फ्रान्समध्ये बेपत्ता.’ मर्लिन पुढे सुखरूप परतला, त्यानं पन्नास वर्षं गाई पाळल्या आणि म्हातारा होऊन अंथरुणात गेला, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. त्यामुळे मी बिनधास्त होते.

शुक्रवारी मर्लिनच्या मुलीचा, राँडाचा फोन आला. तिची आत्या आर्डिस, म्हणजे मर्लिनची धाकटी बहीण, वृद्धाश्रमात असते. वय त्र्याण्णव, आणि विसरायला लागून दोन वर्षं झालेली. तिनं गुरुवारी आमच्या पेपरातली ती बातमी वाचली ती आजचीच समजून, आणि तेव्हापासून ती दाराशी खुर्ची टाकून बसली होती. दोन चमचे सूपापलीकडे पोटात काही नाही.

“तुझ्या सदरानं आत्याचं जेवण तोडलंय,” राँडा म्हणाली. “आता ये आणि तूच भरव तिला.”

मी गेले. आर्डिसआत्या बुटांच्या नाड्या घट्ट बांधून बसली होती. मला म्हणाली, बाजूला हो, स्टेशनमास्तर तार घेऊन यायचाय. आमचं स्टेशन बंद होऊन चाळीस वर्षं झाली. मी तिला सांगितलं की मर्लिन कधीच परत आला. राँडानं गाईजवळ उभ्या असलेल्या बापाचा फोटो पुढे केला.

“हा कोण म्हातारा?” आत्या म्हणाली. “माझा भाऊ एकवीस वर्षांचा आहे.”

राँडाला रडू आवरेना. मी पुन्हा समजवायला गेले, तर आत्यानं मला थांबवलं.

“पेपरात आलंय का? धीर द्यायला लोक काहीही बोलतात गं. छापून येईल तेव्हा मानीन.”

जन्मभर मीही पेपरातच काम केलंय. तडक कचेरीत आले आणि फाइल काढली. मर्लिन सापडल्याची बातमी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातली होती. बेपत्ता झाल्याच्या बातमीनंतर सात आठवड्यांनी. तेरा वर्षांची आर्डिस तेव्हा सात आठवडे तग धरू शकली. त्र्याण्णवची धरणार नव्हती.

ती बातमी मी पुढच्याच अंकात लावली. लावताना हात अडखळला, आणि अडखळला म्हणून माझी मलाच लाज वाटली. तिकडे एक म्हातारी उपाशी बसलेली, आणि मी ग्रिमस्टाड मास्तरांना घाबरत होते.

गुरुवारी सकाळी सातलाच मास्तरांचा फोन. तब्बल सहा आठवड्यांची चूक, बाई! खुलासा छापलाच पाहिजे, म्हणाले. छापते म्हटलं आणि फोन ठेवून अंक काखेत मारून निघाले.

आत्या दाराशीच होती, आठवड्याभरात अर्धी झालेली. ओळीखाली बोट धरून तिनं मोठ्यानं वाचलं, “मर्लिन लोकेन पायाला जखम होऊन इंग्लंडमधल्या इस्पितळात आहे. प्रकृती सुधारत आहे.” पुन्हा एकदा वाचलं. मग वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि राँडाला म्हणाली, “जेवायला काय आहे?”

राँडानं पळत जाऊन बटाटे आणि खिमा आणला. आत्यानं सगळी थाळी संपवली आणि वर आणखी मागितलं. माझा जीव भांड्यात पडला. राँडा तर तिथेच जमिनीवर बसून हसत होती, रडत होती.

मी निघाले तेव्हा आत्यानं माझा हात धरला.

“या वेळी लवकर आली बातमी,” ती म्हणाली. “मागच्या वेळी सात आठवडे लागले होते.”