पुरुषोत्तमचे पायी येणारे फेझंट

ब्रॅकनेलच्या एका आयटी कंपनीत बावीस वर्षं इतरांच्या चुका दुरुस्त केल्यावर पुरुषोत्तम लिमयेला स्वतःच्या चुका करायची हुक्की आली. त्याने लवकर निवृत्ती घेतली आणि नॉटिंगहॅमच्या उत्तरेला, एका खेड्याबाहेर, चाळीस एकर जमीन घेतली. दोन शेतं, एक ओढा आणि उतारावर ओकचं रान. तिथे भाज्या लावाव्यात असं त्याच्या बायकोचं, आसावरीचं, मत होतं. पुरुषोत्तमच्या मनात मात्र शूट चालवायचं होतं. म्हणजे फेझंट या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याची पिल्लं आणून रानात वाढवायची आणि थंडीत लोकांना शिकारीला बोलवायचं.

"तू आयुष्यात झुरळ मारलं नाहीस," आसावरी म्हणाली. "मला हाक मारतोस."

"मी कुठे मारणार आहे? मी होस्ट!"

खरं कारण त्याने तिला सांगितलं नाही. आठ महिने तो गावच्या पबमध्ये जात होता आणि लोक त्याच्याशी फक्त हवामानावर बोलत होते. ज्याच्या मालकीचं शूट असतं त्याच्याशी मात्र सगळे मन लावून बोलतात, हे त्याने कोपऱ्यातल्या टेबलावरून हेरलं होतं. सत्तावन्नाव्या वर्षी मैत्री करण्यासाठी माणूस तीनशे पक्षी पाळायला निघतो, हे त्याचं त्यालाही जरा जास्तच वाटत होतं.

तयारी त्याने मनापासून केली. बंदुकीचं सर्टिफिकेट काढलं. नेमबाजीच्या शाळेत हवेत उडवलेल्या पंचवीस तबकड्यांपैकी तीन फोडल्या, त्यातली एक शेजारच्या माणसाची होती. शिकाऱ्यांसारखा ट्वीडचा सूट शिवला, टोपी घेतली आणि ते सगळं घालून लंडनला नोकरी करणाऱ्या मुलीला, तनिषाला, व्हिडिओ कॉल केला.

"बाबा, तुझा टोपी खूप मोठा आहे," ती आपल्या इंग्लंडात वाढलेल्या मराठीत म्हणाली आणि म्यूट करून हसली. आवाज बंद असला तरी खांदे दिसत होते.

डेरेक नावाच्या सत्तरीच्या निवृत्त गेमकीपरने, म्हणजे शिकारीचे पक्षी सांभाळणाऱ्याने, देखरेख करायचं कबूल केलं. जुलैअखेर पिल्लं आली. रानातच जाळीचं मोठं कुंपण घालून ती आत सोडली.

"दोन वेळा गहू टाक," डेरेकने सांगितलं. "टाकताना शिट्टी वाजव, म्हणजे मोकळी सोडल्यावरही ती लांब भटकणार नाहीत. पण लाड करू नकोस. आणि त्यांच्याशी बोलू नकोस."

पुरुषोत्तमने दोनाच्या चार वेळा केल्या. शिट्टी वाजवली, गहू टाकला आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसून तो पिल्लांशी गप्पा मारू लागला. एवढं मराठी ऐकून घेणारं त्या गावात दुसरं होतं कोण? नावं मात्र त्याने ठेवली नाहीत, तेवढी अक्कल होती. फक्त बाराजणांची ठेवली.

नोव्हेंबरात पहिलं शूट ठरलं. पाहुणे आठ, सगळे गावातले. त्यांत मार्गारेट नावाची निवृत्त पशुवैद्य होती, जिच्या मताला गावात वजन होतं. डेरेक आणि हाकारे रानाच्या वरच्या टोकाला गेले. ते काठ्या आपटत खाली येणार, पक्षी घाबरून उंच उडणार आणि खाली शेतात रांगेने उभे असलेले पाहुणे बार टाकणार, अशी योजना होती. सुरुवातीची खूण म्हणून डेरेकने पुरुषोत्तमला पितळी हॉर्न दिला होता.

पुरुषोत्तमने हॉर्न ओठांना लावला. फुस्स झालं. गाल फुगवून पुन्हा फुंकला. पुन्हा फुस्स. आठही पाहुणे बघत होते. कानापर्यंत लाल झालेल्या पुरुषोत्तमने खिशातली शिट्टी काढली आणि जोरात वाजवली.

रानातून तीनशे फेझंट चालत बाहेर आले.

चालत म्हणजे लगबगीने, माना पुढे काढून. एकही उडाला नाही. पाहुण्यांच्या पायांमधून वाट काढत ते सरळ पुरुषोत्तमपाशी आले आणि त्याच्या बुटांभोवती टोचे मारू लागले. जमिनीवरच्या पक्ष्यावर बंदूक चालवणं इथे असभ्य समजतात, शिवाय मध्ये माणसं उभी. एकेकाने बंदुकीतली काडतुसं काढून घेतली. रिकाम्या रानातून डेरेक धापा टाकत खाली आला.

"काय वाजवलंस?"

"यांचा नाश्ता राहिला होता," पुरुषोत्तम म्हणाला. त्याला खरं तर जमिनीने गिळलं असतं तर बरं वाटलं असतं.

मार्गारेट हसत हसत ओल्या गवतावरच बसली. मग सगळेच हसले. आसावरीने कोठारात मटकीची उसळ तयार ठेवली होती. एकही जण लवकर गेला नाही.

सगळे गेल्यावर पुरुषोत्तम डेरेकला म्हणाला, "बंद करू या हे."

"रान चांगलं आहे, पक्षी चांगले आहेत," डेरेक म्हणाला. "फक्त मालक बदलायला हवा."

पुढच्या हंगामापासून गावातल्यांनी मिळून शूट चालवायला घेतलं. गहू डेरेक टाकू लागला. पुरुषोत्तमला ऑक्टोबरपर्यंत कुंपणापाशी फिरकायची बंदी होती. हाकाऱ्यांच्या रांगेत मात्र त्याला जागा मिळाली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात खताच्या पिशवीचा झेंडा.

पहिल्याच दिवशी नेच्यांतून चालताना त्याने घसा मोकळा करून "हाऽऽट!" अशी आरोळी ठोकली. समोरच्या झुडपातून एक नर फडफडाट करत उठला आणि ओकच्या शेंड्यांवरून गेला. पुरुषोत्तमला भयंकर अभिमान वाटला. खालून बार ऐकू आला. बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, पण त्याने बघितलं. पक्षी गोळा होऊन पडला. पुरुषोत्तमला त्याचं वाईट वाटलं, आणि गंमत म्हणजे अभिमानही गेला नाही. दोन्ही घेऊन तो तसाच उभा राहिला.

"डावीकडचा मागे पडलाय!" डेरेक ओरडला.

डावीकडचा म्हणजे तोच. काट्यांत अडकलेली पँट ओढून काढत तो पुढे निघाला.