टाकी भरली की रुसणारी गाडी

रविवारी सकाळी, सीमेपलीकडच्या मलेशियात, जोहोर बाहरूच्या पेट्रोल पंपावर, मागे सिंगापूरच्या गाड्यांची ही एवढी रांग लागलेली असताना बून टेकची गाडी पुन्हा रुसली. सेल्फ मारला की नुसती खाकरायची, सुरू व्हायचं नाव नाही. दोन महिन्यांतली ही पाचवी खेप.

म्हाताऱ्याने पाय दाबून पूर्ण रेस दिली.

"बाबा, नका ना ते!" शेजारून मुलगा कोक सियांग खेकसला. "तुमच्या बसच्या जमान्यातली गाडी आहे का ही? दर वेळी सांगतो, दर वेळी विसरता." म्हाताऱ्याने पाय काढून घेतला.

विसरता! हा शब्द बून टेकच्या काळजात रुतायचा. वय शहात्तर, त्यातली छत्तीस वर्षं बस चालवण्यात गेलेली. थोरला भाऊ शेवटी पोटच्या पोरांना ओळखेनासा झाला होता, ते त्याने डोळ्यांनी पाहिलेलं. आपलंही तसंच सुरू झालं की काय, या भीतीने तो रोज दात घासताना जुन्या मार्गावरचे सगळे थांबे मनातल्या मनात म्हणून बघायचा. सगळे आठवायचे. तरी भीती काही जायची नाही.

"आज शेवटचं," कोक सियांग म्हणाला. "यापुढे तुम्ही गाडीला हात लावायचा नाही. आत्याकडे महिन्यातून एकदा मी नेईन."

आत्या म्हणजे बून टेकची मोठी बहीण, पुढे कुलाई गावात राहणारी, चौऱ्याऐंशी वर्षांची. दर रविवारी दहापासून ती भावाची वाट बघत दारात खुर्ची टाकून बसायची. महिन्यातून एकदा? तिच्याकडे असे कितीसे महिने उरले होते?

पंपावरच्या पोरांनी गाडी ढकलत शेजारच्या गॅरेजात नेली. गॅरेज सल्मियाचं. पन्नाशीची बाई, डोक्याला घट्ट रुमाल, कोपरापर्यंत ग्रीस. कोक सियांगने लगेच पाढा सुरू केला. बॅटरी बदलली, स्टार्टर बदलला, पेट्रोलचा पंपसुद्धा बदलला. साप सोडून भुई धोपटायचे सगळे प्रकार करून झाले होते.

"गाडी चालवतं कोण?" सल्मियाने मध्येच विचारलं.

"मी," म्हातारा म्हणाला.

"मग अंकल, तुम्ही सांगा."

दोन महिन्यांत हे कुणी म्हटलं नव्हतं. बून टेकने घसा साफ केला. "पोरी, ही फक्त टाकी भरल्यावर रुसते. घरी नाही, बाजारात नाही. आणि पूर्ण रेस दिली की दोनचार झटक्यांत सुरू होते."

"हे मुलाला सांगितलंत?"

"तीनदा. तो म्हणतो, मला भास होतात."

सल्मिया हसली नाही. तिने बॉनेट उघडलं, एका बारीक नळीचा माग काढला आणि मुठीत मावेल एवढा व्हॉल्व्ह काढून पुसला. "मी वायर काढलीय. वीज नसताना हा घट्ट बंद पाहिजे. फुंका बरं, अंकल."

बून टेकने गाल फुगवून फुंकलं. हवा सरळ आरपार गेली.

"बघा! टाकीतली पेट्रोलची वाफ, ती शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डब्यात साठते. इंजिन चालू झालं की हे दार उघडून ती थोडी थोडी आत सोडतं. तुमचं दार उघडंच अडकलंय. टाकी भरली की सगळी वाफ इंजिनात घुसते आणि त्याचा श्वास कोंडतो. रेस दिली की हवा जास्त जाते, म्हणून सुरू होते. पाय बरोबर पडत होता तुमचा."

तिने व्हॉल्व्ह तळहातावर आपटला. काळे दाणे पडले.

"डब्यातला कोळसा. टाकी गळ्यापर्यंत भरली की पेट्रोल डब्यात शिरतं नि कोळशाचा भुगा होतो, तोच या दारात अडकतो. आता खरं सांगा, पेट्रोल भरताना गाडी गदागदा हलवतं कोण?"

म्हातारा चपलांकडे बघत राहिला. मुलाचं नाव त्याने घेतलं नाही, बापच शेवटी.

"सगळेच हलवतात," कोक सियांग पुटपुटला. "दोन लिटर जास्त बसतं. सिंगापूरपेक्षा स्वस्त आहे ना इथे."

"हो ना, आणि मग सगळे माझ्याकडेच येतात!" सल्मिया म्हणाली. "चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतास की रे."

तिने नवा व्हॉल्व्ह बसवला, डबा पुढच्या आठवड्यात बदलायचा ठरवला आणि सेल्फ मारायला म्हाताऱ्यालाच बसवलं. टाकी काठोकाठ भरलेली असूनही गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

बून टेकने स्टिअरिंगवर थाप मारली. "पोरी, तुझं भलं होवो," तो म्हणाला. डोकं शाबूत होतं! देवा, डोकं शाबूत होतं. मग त्याने काच खाली केली आणि मुलाकडे बोट केलं. "सल्मिया, माझ्या पायाचं काय म्हणालीस ते पुन्हा एकदा सांग. मोठ्याने. याला कमी ऐकू येतं."

"ऐकलं, बाबा," कोक सियांग म्हणाला. मान खाली घालून तो वळसा घालून आला आणि बापाच्या शेजारी बसला. "चला. आत्या दारात बसली असेल. आणि बाबा, पुढच्या रविवारीही तुम्हीच चालवा."