निम्मं-निम्मं करून

सुशीलाने सातव्यांदा कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि पदराने पडदा पुसला, जणू ती चूक धुळीमुळेच दिसत असावी.

कॉम्प्युटर घरघरला, जरा विचार केल्यासारखा थांबला आणि रोजची चौकट समोर आली. सुरू होताना किमान एक सेवा बिघडली आहे. कोणती, ते नाही. 'किमान' म्हणजे मोजायचेही कष्ट घेतलेले नाहीत. तपशील नोंदवहीत पाहावा, असं खाली नम्रपणे लिहिलेलं असे. नोंदवही उघडली की मशीन दहा मिनिटं गप्प. एखाद्या सरकारी खात्याचं असतं तर कुणाला नवल वाटलं नसतं, पण हे वास्कोच्या एका खासगी कचेरीतून मोडीत निघालेलं होतं.

उद्या अकराला बेळगावहून तपासनीस येणार होते. त्यांच्यासमोर मशीन निमूट सुरू झालं, तर रामनगरातल्या तिच्या कॉम्प्युटर क्लासला परीक्षा केंद्र मिळणार. नाही तर अकरा जणींनी परीक्षेला बेळगावला जायचं, आणि त्यातल्या नऊ जणींच्या घरचे पाठवणार नव्हते. त्या नवांत फुला होती. तिचा सासरा गुणा गावकर तिला रोज क्लासला पोचवायचा आणि दोन तास ओसरीवर पान खात बसायचा. सुनेने बेळगावला जाण्याबद्दलचं आपलं मत त्याने एकदाच सांगितलं होतं, आणि ते 'न्हाई' एवढंच होतं.

बेळगावचा इंजिनिअर दत्तात्रय तीनदा येऊन गेला होता. तिन्ही वेळा त्याने मशीन उघडलं, आत फुंकर मारली, 'व्हायरस' म्हणाला आणि चहा प्यायला.

आता गुणा उठून दारात आला.

"बाई, तुमी त्याला काय इचारताय?"

"काय बिघडलंय ते."

"तिथंच चुकतंय. देवाला आमी असं कधी इचारत न्हाई. काय झालंय म्हटलं की देव गप्प बसतोय. निम्मं-निम्मं करून इचारायचं."

गुणा देवळात कौल लावायचा. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न टाकायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. घरचं की बाहेरचं, बाहेरचं तर वरल्या वाड्यातलं की खालच्या, असं करत करत चाळीस वर्षांत त्याने कित्येक हरवलेल्या म्हशी आणि रुसलेले पूर्वज हुडकून दिले होते. सुशीलाने मॉनिटर किंचित स्वतःकडे ओढला.

"फूल नको वो," गुणा म्हणाला. "चूक आली का न्हाई आली, ह्योच त्याचा कौल."

सुशीलाचा हात माउसवर थबकला. मग वहीचं पान फाडून ती भराभर लिहायला लागली. बंद करता येतील अशा सेवा, म्हणजे मशीनबरोबर आपोआप सुरू होणारे छोटे प्रोग्राम, बत्तीस निघाल्या. तिने वरच्या सोळा बंद करून बटण दाबलं.

चौकट आली.

"मंजे खालच्या वाड्यात," म्हणत गुणा पान थुंकून आला आणि स्टुलावर बसला.

खालच्यांतल्या आठ बंद केल्या. चौकट नाही. फुलाने टाळी वाजवली आणि सासऱ्याकडे बघून हात मागे घेतले. पण सासरा स्वतःच स्टुलावरून अर्धा उठला होता. आठांतल्या चार. चौकट आली. म्हणजे उरलेल्या चारांत. शेजारच्या सायकलच्या दुकानातून रामचंद्र हातात पाना घेऊन आला आणि कुणाची म्हैस हरवली म्हणून विचारू लागला. त्याला गप्प बसवण्यात आलं. दोन. चौकट नाही. सुशीला आता बसत नव्हती. कपाळावर केस आले होते, ते मागे सारायलाही तिला सवड नव्हती. दोहोंतली एक.

चौकट नाही.

रामचंद्रने पाना टेबलावर आपटला. कशाचा आनंद झाला हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

सुशीलाने त्या एका सेवेची माहिती उघडली आणि वाचत गेली. वाचता वाचता ती हळूच खुर्चीवर बसली.

"काका, हे रोज उठल्या उठल्या वास्कोच्या कचेरीतल्या मोठ्या मशीनला हाक मारतं. उत्तर येत नाही. वाट बघतं, आणि मग बिघडलं म्हणतं."

"ती कचेरी हाय अजून?"

"नाही. कधीच मोडली."

"येडंच हाय," फुला हसली. "बंद करा की टीचर."

मग तिने सासऱ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. गुणाचं गाव पंधरा वर्षांपूर्वी धरणात गेलं होतं. वसाहतीतल्या नव्या देवळात गाऱ्हाणं घालताना तो अजून आधी पाण्याखालच्या वेशीवरच्या देवांना नावाने हाक मारी, थोडा थांबे, आणि मगच पुढे जाई. जमलेली माणसं चुळबुळत, पण आवर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

पडद्यावर तीन पर्याय होते: आपोआप, सांगितलं तर, कायम बंद. सुशीलाचा बाण तिसऱ्यावर होता.

"एकदम कायमचंच?" पानाच्या चंचीची दोरी बोटाला गुंडाळत गुणाने विचारलं.

सुशीलाने बाण एक घर वर नेला.

दुसऱ्या दिवशी तपासनिसांनी बटण स्वतः दाबलं. मशीन निमूट उठलं. त्यांनी यादी चाळली आणि ही एक सेवा अशी अधांतरी का ठेवली, असं विचारलं. जुनी आहे, कुणाला त्रास देत नाही, असं सुशीलाने सांगितलं. त्यांच्या कचेरीतही अशी दोन-तीन माणसं असावीत. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली आणि मंजुरीवर सही केली. परीक्षेच्या यादीत पहिलं नाव फुलाचं पडलं. ते गुणाने उभं राहून लिहवून घेतलं.

तपासनीस गेल्यावर तो चपला काढून पुन्हा आत आला.

"आता कसली घाई न्हाई न्हवं, बाई?"

"नाही काका."

"मग मारू दे त्याला एक हाक."

सुशीलाने ती सेवा सुरू करायची कळ दाबली. मशीन घरघरू लागलं. फुलाने दार लोटून घेतलं, आणि तिघं जण वास्कोची वाट बघत बसली.