पाहुण्यांच्या खोलीतले दोनशे कप

माझ्या नवऱ्याने, अल्लालने, गांजाची रोपं पाण्यात बुडवून मारली, असं मी कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी मलाच वेड्यात काढलं असतं. अहो, ज्याच्या बापाने, आजाने या रीफच्या डोंगरात गांजाशिवाय दुसरं काही पेरलं नाही, जो माणूस चिमूटभर पान हुंगून सांगतो की हा माल कुठल्या उताराचा, त्याने! आणि तेही शेतात नाही, घरात. पाहुण्यांच्या खोलीत, गाद्या उचलून, दिव्याखाली.

सरकारने औषधाच्या कारखान्यांसाठी गांजा लावायचे परवाने द्यायला सुरुवात केली होती. आमच्या गावातही सहकारी संस्था निघाली आणि माझा थोरला दीर मेझियान तिचा अध्यक्ष झाला. मेझियानला अध्यक्ष व्हायला कुणी सांगावं लागत नाही, तो मयतीला गेला तरी अध्यक्षच असतो. प्रत्येक सभासदाला परदेशी वाणाच्या दोनशे बिया मोजून मिळाल्या. मार्चमध्ये वर देवदारांखाली अजून बर्फ, म्हणून रोपं घरातच करायची, संस्थेने दिलेल्या दिव्यांखाली. पंधरा एप्रिलला संस्थेची इंजिनिअर येऊन मोजणार. दीडशे जिवंत निघाली तर परवाना पक्का, नाहीतर नाव खोडायचं आणि यादीतल्या पुढच्याला घ्यायचं.

आता हे नाव खोडणं दुसऱ्या कुणाला साधं वाटेल. अल्लालच्या नावाने चौदा वर्षं पकड वॉरंट होतं. तेव्हा गांजा लावणं गुन्हा, कुणीतरी चौकीत त्याचं नाव सांगितलं आणि तेव्हापासून जीपचा आवाज आला की हा मागच्या भिंतीवरून उडी मारून वर जंगलात. ना ओळखपत्र, ना कधी बाजारात जाणं. पोरीचं लग्न तेतुआन शहरात झालं, बाप इथे देवदाराखाली बसून होता. मागच्या उन्हाळ्यात माफी आली, वॉरंट गेलं, साठीला टेकलेल्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा फोटो काढून घेतला. संस्थेच्या यादीत त्याचं नाव लागलं तेव्हा तो ती यादी घरी घेऊन आला आणि मला म्हणाला, "वाच." मी वाचलं. म्हणाला, "परत वाच."

तर असा हा माणूस त्या रोपांच्या मागे लागला. मी दह्याचे दोनशे कप जमवले होते, गावभर हिंडून, धुऊन, पुसून. बिया उगवल्या, दोन-दोन पानं आली, आणि आठव्या दिवशी पानं जरा खाली झुकली. शेतात पान झुकलं की काय करतात? पाणी देतात, मिळालं तर. आमच्याकडे पाण्याच्या पाळीवरून भाऊ भावाशी बोलत नाही, आणि इथे तर घरात नळ! अल्लालने पाणी दिलं. पानं आणखी झुकली. त्याने आणखी दिलं. सकाळी किटली, दुपारी किटली, संध्याकाळी किटली.

"अरे, त्यांना पोहायला शिकवतोयस का?" मी म्हटलं.

"तुला काय कळतं? दिव्याची उष्णता आहे. तहानलीत ती."

तेराव्या दिवशी एका रोपाची मान मातीजवळ तपकिरी होऊन आडवी झाली. मग दुसऱ्याची. मग मी त्याचं ऐकलं नाही, सरळ इंजिनिअरला फोन लावला. विआम तिचं नाव, मेक्नेस शहरातली पोर, माझ्या मुलीपेक्षा लहान.

"मावशी, एक कप उचला बरं," ती म्हणाली. "जड आहे?"

"जड? दगड भरल्यासारखा."

"बुडाला भोक पाडलंय ना?"

"भोक कशाला पाडू? चांगले कप आहेत."

मग ती म्हणाली, "मावशी, मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. पान मऊ पडून लोंबलं तर तहान. फुगून, ताठ राहून खाली वळलं तर पाणी जास्त. तुमची गुदमरलीत."

अल्लाल शेजारी उभा राहून ऐकत होता. त्याने किटली खाली ठेवली आणि खोलीबाहेर गेला. मला तेव्हा त्याची दया यायला हवी होती. पण मी म्हटलं, "जा, आता चहापुरतंच पाणी घाल."

विआमने सांगितलं तसं सगळं केलं. कबाबाची सळई चुलीत तापवून दोनशे कपांना भोकं पाडली. एकेक रोप चमच्याने बाहेर काढायचं, चिखल झटकायचा, कुजकी तपकिरी मुळं कात्रीने उडवायची, पांढरी ठेवायची, कोरड्या मातीत पुन्हा लावायचं. कप भाकरीच्या फळ्यांवर, खालून हवा खेळेल असे. पंखा लांबून, अगदी हळू. आणि चार दिवस थेंबभर पाणी नाही.

"आणि मावशी, माती आम्ही दिलेल्या पोत्यातलीच घ्या हं," ती म्हणाली.

पोतं तर कधीच संपलं होतं. मी मेझियानच्या दारात गेले. तो ओसरीवर बिसाऱ्याच्या घट्ट आमटीत भाकरी बुडवून खात बसला होता.

"पोती मोजून आलीत, तामू," तो म्हणाला. "आणि अल्लालला म्हणावं, या डोंगरात गांजा बुडवून मारणारा तू पहिलाच. आता मासे पाळ, परवाना मी काढून देतो."

ओसरीवरच्या बायका हसल्या. मी तशीच घरी आले, डोकं तडतडत होतं. मागच्या भिंतीला वळचण आहे, तिच्याखाली भर पावसातही माती कोरडी राहते, भुसभुशीत, काळी. मी ती चाळून आणली. पोत्यातली माती काय सोन्याची असते? दोन दिवस आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून रोपं बदलत होतो. अल्लालच्या जाड बोटांत ती मुळं किती हलकी राहायची! एकही रोप त्याच्या हातून मोडलं नाही.

चार दिवसांनी चौऱ्याण्णव रोपांनी मान वर केली. बाकीची एकशे सहा गेली. मला ती फेकवेनात. मी कप तसेच ठेवले, बाकीच्यांबरोबर त्यांनाही चमचा-चमचा पाणी घातलं. मेलेल्याला कोण पाणी पाजतं, मला माहीत आहे. पण घातलं.

आणि नवव्या दिवशी, देवाशपथ, त्या मेलेल्या कपांमधून हिरवं वर आलं! एकात, दुसऱ्यात, आणखी दहांत. मी ओरडतच अंगणात धावले.

"उठली! अल्लाल, उठली रे!"

तो आला. वाकला. एका रोपाच्या देठावरून नख फिरवलं, पान उलटं करून पाहिलं, आणि म्हणाला, "हं."

"हं काय? मेलेली उठली आणि तुझं नुसतं हं?"

"उठली खरी," तो म्हणाला.

मी त्या दिवशी लोण्यात घडीच्या पोळ्या लाटल्या आणि चार घरी वाटल्या, मेझियानच्या घरी आधी. अल्लाल मात्र रोज सकाळी त्या खोलीत दार लोटून बसायचा. जिवंत रोपांच्या शेजारून काहीतरी उपटताना मी त्याला एकदा पाहिलं. तण असेल म्हटलं. उठलेली नवी रोपं भराभर वाढली, आजारी पडलेल्यांच्या बरोबरीला आली. पंधरा तारखेपर्यंत कोण मेलेलं होतं आणि कोण वाचलेलं, मला ओळखता येत नव्हतं.

विआम आली, बरोबर मेझियान. पोर फळीफळीने बोट फिरवत मोजत गेली, मग परत मोजलं.

"एकशे त्रेसष्ट! मावशी, बुडालेली रोपं अशी वाचवलेली मी पाहिली नाहीत."

मी मेझियानकडे बघितलं. तोंड असं केलं होतं त्याने, जणू लिंबू चावलंय. मला इतकं बरं वाटलं! विआमने कागद पुढे केला आणि वाचून दाखवला. सभासद अल्लाल, गाव अमुक, ही सर्व रोपं संस्थेने दिलेल्या बियांतूनच वाढवलेली आहेत. खाली सही. अल्लालने पेन घेतलं. आठवडाभर तो सही गिरवत होता, जुन्या पिठाच्या पिशवीवर.

"पोरी," तो म्हणाला, "पुढे हे तपासतात का?"

"हो ना काका. जुलैत पानं प्रयोगशाळेत जातात. औषधासाठी आहे, एकच वाण लागतो."

त्याने पेन खाली ठेवलं, फळीजवळ गेला आणि एक रोप मुळासकट उपटलं. मग दुसरं. मी त्याचं मनगट धरलं.

"वेड लागलं का तुला?"

"ही आपली आहेत, तामू."

"सगळी आपलीच आहेत!"

"आपली म्हणजे आपल्या बापजाद्यांची. गावठी. तू माती मागच्या भिंतीकडची आणलीस ना? तिथे वीस हिवाळे आपण माल झोडपला, बी सांडलं. ती माती कुठली, निम्मं बी आहे ते."

माझा हात आपोआप सुटला. तो एकेका कपावर वाकून, देठाचा रंग बघून उपटत राहिला. एकदाही थांबला नाही, एकदाही चुकला नाही. एकोणसत्तर. त्यांची मुळं पांढरीशुभ्र, लांब, रोगाचा ठिपका नाही. मागे उरली ती चौऱ्याण्णव, वाकडी, पिवळट, परदेशी.

"काका," विआम हळूच म्हणाली, "तुम्ही बोलला नसता तर आज मला कळलं नसतं."

"जुलैत कळलं असतं."

"मला चौऱ्याण्णवचे दीडशे करता येत नाहीत, काका."

"मी कुठे म्हणतोय?"

तिने नावावर रेघ ओढली. मेझियान म्हणाला की नियमाप्रमाणे उरलेली रोपं आता दुसऱ्या सभासदाकडे जातील, आणि सध्या ती ठेवायला जागा मेझियानच्याच घरी आहे. दोघांनी मिळून कप पेट्यांत भरून गाडीत चढवले. माझ्या भाकरीच्या फळ्याही घेऊन गेले, आणून देतो म्हणाले.

खोली रिकामी झाली. अल्लाल भिंतीला टेकून बसला, मांडीवर ती उपटलेली जुडी.

"चौदा वर्षं तोंड मिटून राहिलास," मी म्हटलं, "आणि आज एवढ्याशा वेळापुरतं तुला मिटवेना?"

"जीप आली असती, तामू. मला आता डोंगर चढवत नाही."

चूक माझी होती. माती मी आणली होती, आणि तो तोंडाने तसं एकदाही म्हणाला नव्हता. म्हणूनच मी जास्त पेटले. वाटेल ते बोलले. त्याच्या बापाला बोलले, त्याच्या हातांना बोलले. आणि शेवटी म्हणाले, "तेव्हाच पकडला गेला असतास तर बरं झालं असतं. तीन वर्षं आत बसला असतास आणि सुटून तरी आला असतास. पोरीच्या लग्नाला तरी आला असतास."

"हो," तो म्हणाला. "मीही तेच म्हणतो."

मला वाटलं होतं, तो भांडेल.